मे महिन्यात पाणी कोण घालणार?

मुंबईतल्या मोकळ्या भूखंडांच्या दत्तक धोरणाचा वाद काही वर्षांनी पुन्हा पेटतो. २०१६ मध्ये पेटला, २०२३ मध्ये महापालिकेने नवा मसुदा आणला तेव्हाही पेटला. एका बाजूचं म्हणणं, पालिकेला मैदानं-बागा सांभाळणं जमत नाही, तर नागरिकांच्या गटांना द्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दिलं की आधी फाटक लागतं, मग रखवालदार येतो, मग त्याचा क्लब होतो. दोघांचंही खरं आहे. पण इंग्लंडमध्ये बसून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. जागा मिळाल्यावर तिथल्या वाफ्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, याबद्दल कुणीच अवाक्षर काढत नाही. आणि स्वयंसेवकांच्या बागा मरतात त्या बहुधा तिथेच.

वेस्ट यॉर्कशरमधलं टॉडमॉर्डन हे १५ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. २००८ मध्ये पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे ‘इन्क्रेडिबल एडिबल’ सुरू केलं. सार्वजनिक जागेत भाजीपाला लावायचा आणि हवा त्याने तोडून न्यायचा, इतकी साधी कल्पना. पोलीस ठाण्यापुढे मका, रेल्वे स्टेशनावर स्वयंपाकाला लागणारा सुगंधी पाला, आरोग्य केंद्राभोवतीची काटेरी झुडपं काढून फळझाडं. आपल्याकडे हे उदाहरण दिलं जातं ते ‘बघा, तिकडचे लोक किती शिस्तीचे’ या सुरात. शिस्तीचं राहू द्या, जागा बघा. ठाणं, स्टेशन, दवाखाना. तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी रोज असतं, वाफा येता-जाता नजरेस पडतो. पहारा ठेवावा लागत नाही.

इथला अवघड महिना ऑगस्ट. शाळा बंद, निम्मे स्वयंसेवक सुट्टीवर, आणि २०२२ व २०२५ मध्ये यॉर्कशरात झाली तशी नळीने पाणी घालायला बंदी आली, की झारी आणि पावसाच्या पाण्याची पिंपं एवढाच आधार. महाराष्ट्रात हीच गत मे महिन्यात होते. जुलैत रोपं लावायला साठ माणसं, मे महिन्यात सगळे गावाला. म्हणून जिच्या आवारात वाफे करायचे ती जोडीदार संस्था निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की मे महिन्यात तुमच्या आवारात रोज कोण असतं? या कसोटीवर शाळा नापास होते. दवाखाना, वाचनालय, सोसायटीची चौकी, देवस्थान पास होतात. शाळेला जूनपासून मार्चपर्यंत घ्या, जरूर घ्या, पण पाण्याची चावी तिच्याकडे नको.

हिशोब मांडून पाहू. ५० चौरस मीटर वाफे धरा. मे महिन्यात भाजीला चौरस मीटरमागे रोज साधारण ५ लिटर, म्हणजे २५० लिटर पाणी लागतं. १० लिटरच्या झारीने पंचवीस फेऱ्या. नळ ३० मीटरवर असेल तर भरणं-नेणं-घालणं मिळून फेरीला तीन-चार मिनिटं, म्हणजे सव्वा ते पावणेदोन तास. रोज, उन्हात, फुकट. तीन दिवस कुणी फिरकत नाही, चौथ्या दिवशी टोमॅटो माना टाकतात, आणि करपलेला वाफा पाहून उरलेलेही यायचे थांबतात.

त्यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात बागच लहान करायची. मार्चअखेर ३५ चौरस मीटर रिकामे करून त्यावर ८ ते १० सेंटिमीटर सुक्या पाल्याचं आच्छादन घालायचं. उरलेल्या १५ चौरस मीटरवर गवती चहा, पुदिना, थोडी पालेभाजी. गरज उतरते रोज ७५ लिटरवर. ५०० लिटरची काळी टाकी दोन मीटर उंच घोडीवर ठेवा आणि तिथून वाफ्यांना ठिबकने पाणी द्या. भरलेल्या टाकीचं वजन अर्धा टन होतं, तेव्हा घोडी वेल्डरकडून लोखंडी अँगलची करून घ्यायची. विटांवर विटा रचून हे काम होत नाही. टाकी पांढरी किंवा उघडी असली तर शेवाळ धरतं आणि ठिबकची भोकं बुजतात. बाहेरच्या तोंडाला जाळीचा फिल्टर हवाच. बहुतेक गट फसतात ते दाबात. दोन मीटर उंचीने चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.२ किलो दाब मिळतो. शेतीच्या दुकानातले दाब-नियंत्रित ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) साधारण १ किलोच्या हिशोबाने केलेले असतात, ते इतक्या कमी दाबावर धड चालतच नाहीत. साधी इनलाइन नळी (जिच्या आतच ड्रिपर बसवलेले असतात ती) घ्या आणि कुठलीही ओळ १० मीटरपेक्षा लांब नेऊ नका. एवढं जमलं की चौकीतल्या काकांनी सकाळी फक्त एक कॉक फिरवायचा असतो. कुणाकडूनही वर्षानुवर्षं मागता येते ती मदत इतकीच.

आता खत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना आणि हॉटेलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. त्यामुळे कित्येक सोसायट्यांच्या जिन्याखाली खताची पोती पडून आहेत आणि घ्यायला कुणी नाही. ५० चौरस मीटरवर ५ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर अडीच घनमीटर, म्हणजे सव्वा ते दीड टन खत लागतं. रोजच्या १०० किलो ओल्या कचऱ्यातून वीस-पंचवीस किलो खत निघतं, असं धरलं तर एका सोसायटीचं दोन महिन्यांचं उत्पादन झालं. मात्र पोत्यावर विश्वास ठेवू नका. ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा आणि उघडून वास घ्या. आंबूस किंवा अमोनियाचा भपका आला तर ते कच्चं आहे. शंका उरलीच तर त्यात मेथीचे दहा दाणे पेरा. आठपेक्षा कमी उगवले तर अजून महिनाभर मुरू द्या.

रसवंतीचा चोथाही फुकट मिळतो, पण ओला टाकलात तर मुंग्यांची रांग लागते. आधी वाळवा, तुकडे करा, मगच ओल्या कचऱ्यात मिसळा. सुतारकामाचा भुसा घ्यायचा तर प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. कोरडी पानं झाडूवाल्यांकडे मागितली की मिळतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ने तर पानं देणारे आणि हवे असणारे यांची गाठच घालून दिली आहे.

(उद्घाटनाला फीत कापणारी कंपनी रोपं देते, नळ देत नाही. रोपांना नाही म्हणू नका, पण नळही मागा.)

राहता राहिला कागद. इथे इंग्लंडमध्ये पालिकेच्या जमिनीवर वाफा करायचा तर गटाची छोटी लेखी नियमावली, दोन सह्यांचं बँक खातं आणि विमा मागितला जातो. कटकट वाटते, पण अधिकारी बदलला तरी परवानगी टिकते. आपल्याकडे वॉर्डातली तोंडी परवानगी साहेबांच्या बदलीबरोबर निघून जाते. एक पान पुरे. त्यावर जागेचा नकाशा, पाण्याची वेळ आणि बिल कुणाचं, चावी कुठल्या दोघांकडे, भाजी कुणाची, आणि जागा परत हवी असेल तर पीक निघाल्यावर, तीन महिन्यांची सूचना देऊन. पहिल्या करारात झाडं लावणार नाही असं लिहून द्या. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे शहरात झाड तोडायला परवानगी लागते. आज लावलेलं रोप उद्या बांधकाम अडवेल या धास्तीने विश्वस्त नकार देतात. वाफे म्हटलं की तेच लोक हो म्हणतात.

आणि फाटकाचं काय? न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून लोकांनी पडीक भूखंडांवर बागा केल्या, १९७८ मध्ये शहराने त्यासाठी ‘ग्रीनथंब’ योजना आणली, तरीही १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागा लिलावात निघाल्या. त्या वाचल्या कारण ट्रस्टांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या. आज ग्रीनथंबच्या बागांना अट आहे, एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याला किमान २० तास फाटक सर्वांसाठी उघडं. मुंबईच्या मसुद्यावर भांडायचंच असेल तर हा तासांचा आकडा आणि वर्षातून दोनदा तो तपासणारा माणूस यांवर भांडावं. आठवड्याचे तास फळ्यावर खडूने लिहून फाटकाला टांगले, की शेजारच्या आजीही ते मोजतात.