खुलासा: आकाशातल्या विजेवर शहर चालत नाही

‘एका विजेत अख्ख्या शहराला महिनाभर पुरेल एवढी वीज असते, गच्चीवर लोखंडी सळई उभारून ती बॅटरीत साठवता येते,’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे खरं नाही, आणि त्यातला दुसरा भाग तर जिवावर बेतणारा आहे.

गोंधळ होतो तो शक्ती (एका क्षणाचा जोर) आणि ऊर्जा (एकूण मिळणारी वीज) यांत. वीज पडते तेव्हा प्रवाह साधारण 30,000 अँपिअरपर्यंत जातो. आकडा डोळे दिपवणारा खराच. पण हा मुख्य झोत सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश टिकतो. सर्वसाधारण विजेची एकूण ऊर्जा सुमारे 1 अब्ज ज्यूल धरतात. मीटरच्या भाषेत ते होतात जेमतेम 278 युनिट, म्हणजे 1 किलोवॉटचा हीटर साडेअकरा दिवस चालेल इतके. त्यातलीही बहुतेक ऊर्जा वाटेतली हवा तापवण्यात, लखलखाटात आणि गडगडाटात संपते. जमिनीपर्यंत येतो तो थोडासा भाग.

बरं, वीज कुठे, कधी पडेल हे आधी कळत नाही. बऱ्याच विजा तर ढगांतल्या ढगांतच चमकतात, खाली येतच नाहीत. बॅटरी सावकाश चार्ज होते; असा झोत तिच्यात शिरला तर ती साठवणार नाही, फुटेल.

इमारतींवरचा वीजरोधकही वीज साठवत नाही, जाड पट्टीतून थेट जमिनीत सोडतो. त्याला बॅटरी किंवा इन्व्हर्टर जोडायच्या फंदात पडू नका. हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.