मरी गाव रेल्वेचं की झऱ्यांचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी गावावरच्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. गाव रेल्वेने वसवलं आणि रेल्वेनेच उठवलं, मग झऱ्यांचं एवढं पुराण कशाला, हा पहिला. तिथे उंटांवरून माल वाहणाऱ्या उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणणं चूक, हा दुसरा.

दुसरा पूर्ण मान्य. लेखात दुरुस्ती केली आहे. 'अफगाण' हे तिकडे रूढ झालेलं नाव, पण त्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे कितीतरी लोक होते. 1865 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच बेल्टानाच्या कुरणांसाठी शंभरावर उंट जहाजात चढले ते कराचीला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. रूळ आले 1884 मध्ये. झरे त्याआधी 1859 मध्येच शोधप्रवासी स्टुअर्टच्या मोहिमेतल्या हेरगॉटने नोंदवले होते, आणि तिथल्या मूळनिवासी अरबाना लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. 1872 ची तारायंत्राची (टेलिग्राफ) लाइन आणि मागाहून रेल्वे झऱ्यांची रांग धरूनच उत्तरेला सरकली. वर्षाला 200 मिमीसुद्धा पाऊस नाही. वाफेच्या इंजिनाला पाणी मिळणार कुठून?

हे झरे आपल्या डोंगरउतारावरच्या झऱ्यांसारखे नव्हेत. पूर्वेच्या डोंगररांगांतलं पाणी वालुकाश्मात मुरतं, चिकण थराखाली कोंडतं आणि फार मोठ्या काळाने भेगेतून दाबाने वर येतं. त्यातला चुना काठावर साचतो, उडती वाळू त्यात अडकते आणि टेकाड वाढत जातं. कुंड त्याच्या माथ्यावर. कावर्ड स्प्रिंग्जजवळच्या 'बबलर' नावाच्या झऱ्यात तळाची वाळू सतत उकळल्यासारखी ढवळत असते. आसपासच्या बोअरचं पाणी मोकळं वाहू दिलं की खालचा दाब उतरतो आणि झरे मंदावतात. म्हणून जुन्या बोअरना झडपा बसवाव्या लागल्या.

1957 मध्ये दक्षिणेकडून 1435 मिमी रुंदीचा (दोन रुळांमधलं अंतर) लोहमार्ग मरीपर्यंत आला. पुढे जुनाच 1067 मिमीचा, म्हणून डबे पुढे जाईनात. माल इथे उतरवून पुन्हा चढवायचा, त्यावर गावाला कामं मिळाली. पण झऱ्यांची वाट सखल, पूर आला की भराव वाहून जायचा. 1954 पासून डिझेल इंजिनं आली होती, त्यांना वाटेत पाणी भरायची गरज नव्हती. त्यामुळेच 1980 ची अ‍ॅलिस स्प्रिंग्जची नवी लाइन झरे सोडून दूर पश्चिमेकडून नेता आली.

मरीला उरल्या बर्ड्सव्हिल आणि ऊडनडाटाच्या दोन कच्च्या वाटा. ऊडनडाटाची अजून झऱ्यांच्या कडेनेच जाते.