समोरचा कॅमेरा चुकीचा नव्हता

'सुरुवातीच्या हँडसेटमध्ये व्हिडिओ कॉलिंग देणे हा कंपन्यांचा निव्वळ हट्ट होता, ते कुणी मागितलेच नव्हते' हे मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यावरच्या लेखातले विधान मला अजिबात पटले नाही. माझी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. बाकीचे लोक आवाजावर भागवू शकत होते, तिच्यासाठी मात्र खुणांच्या भाषेत बोलायचे तर चित्रच हवे होते. एसएमएस होता, पण त्यात चेहऱ्यावरचा राग, काळजी, थट्टा यातले काहीच पोचत नाही, आणि खुणांच्या भाषेत अर्धे व्याकरण चेहऱ्यावरच असते.

चित्र वाईट होते हे खरे. थ्रीजीवरच्या त्या कॉलला सेकंदाला जेमतेम ६४ किलोबिट माहिती नेणारी वाहिनी मिळायची, तीही आवाजासकट, आणि चित्र १७६ बाय १४४ पिक्सेलचे. हात जरा भरभर हलले की बोटे पुसट व्हायची. म्हणून ती हळू बोलायची, पण बोलायची! खरी अडचण हँडसेटबाहेर होती. दोन्ही फोन थ्रीजीचे हवेत, दोघेही कव्हरेजमध्ये हवेत, आणि साध्या कॉलपेक्षा महाग दर. याचा दोष कॅमेरा बसवणाऱ्यांना कसा देता? २०१० मध्ये आयफोन ४ वर फेसटाइम ही ॲपलची व्हिडिओ कॉलची सोय आली तीही आधी फक्त वायफायवर चालायची, पण मिनिटामिनिटाचे पैसे पडत नव्हते, आणि लोकांनी ती वापरली. कंपन्यांनी तोवर समोरचा कॅमेरा काढूनच टाकायला हवा होता, हे बहिणीसारख्यांना विचारून तरी लिहायचे.