‘नुसतं डिलीट मारायचे 500 रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिसला, खालचं सगळं दोनदा वाचलं. नको असलेलं सॉफ्टवेअर नुसतं डिलीट मारायचे 500 रुपये घेतले, दीड दिवस लॅपटॉप अडकवला, पासवर्ड उडवले, आणि चौथ्या दिवशी जाहिराती परत सुरू, असं तुम्ही लिहिलंय. शेवटची तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे, म्हणून आधी तीच घेतो.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात खाली ‘5 व्हायरस सापडले’ असा चौकोन आहे आणि त्यातच बारीक अक्षरांत कुठल्याशा साइटचं नाव आणि मायक्रोसॉफ्ट एज (विंडोजसोबत येणारा ब्राउझर). म्हणजे हा व्हायरस नाही, सॉफ्टवेअरही नाही. कधीतरी त्या साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारलं आणि ‘अलाउ’ दाबलं गेलं. तुम्ही क्रोम वापरता म्हणून आमच्या मुलाने क्रोम साफ केला, एज उघडूनसुद्धा पाहिला नाही. एज तुम्ही उघडला नाही तरी मागे चालू राहू शकतो. हे आम्हाला कळायला हवं होतं. एजच्या सेटिंग्जमध्ये सर्चच्या जागी ‘नोटिफिकेशन्स’ टाइप करा, परवानगी दिलेल्या साइटच्या यादीत तेच नाव सापडेल, शेजारच्या तीन टिंबांवर जाऊन ब्लॉक करा. जमलं नाही तर घेऊन या, पैसे लागणार नाहीत. तोवर त्या चौकोनावर क्लिक करू नका, आणि आत एखादा फोन नंबर दिला असेल तर तो अजिबात लावू नका.

आता ‘नुसतं डिलीट’बद्दल. साहेब, लॅपटॉप आला तेव्हा डिलीट मारून झालेलं होतं, दुखणं तेच होतं. तो पीडीएफ कन्व्हर्टर नको झाला म्हणून तुम्ही प्रोग्राम फाइल्समधलं त्याचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलंत. त्याचा अनइन्स्टॉलर, म्हणजे तो रीतसर काढून टाकणारा प्रोग्रामही त्याच फोल्डरमध्ये होता. चावी आत ठेवून दार ओढून घ्यावं तसं झालं. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी जागेवर, टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या भागात) त्याने लावून ठेवलेलं काम जागेवर. म्हणून तर लॉगिन केलं की दर वेळी ‘फाइल सापडत नाही’ची खिडकी यायची. कंट्रोल पॅनेलमधून काढायला गेलं की एरर. शेवटी तोच कन्व्हर्टर, तीच आवृत्ती, कंपनीच्या साइटवरून उतरवून आधी परत इन्स्टॉल केला आणि मग रीतसर काढला. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण सोपा मार्ग तोच होता.

बरं, तो एकटा आला नव्हता. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना सोबत वऱ्हाड आलं होतं: एक ड्रायव्हर अपडेटर, क्रोममध्ये सर्चचं एक एक्स्टेन्शन आणि मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस. पहिली दोन पटकन निघाली. अँटिव्हायरस मात्र चिवट. त्याचे ड्रायव्हर (विंडोजशी थेट जोडलेले छोटे प्रोग्राम) खोलवर बसलेले असतात, साध्या अनइन्स्टॉलने सगळं निघेलच असं नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या स्वतःच वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते चालवलं, रीस्टार्ट केलं, तेव्हा कुठे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, जागा झाला. मग त्याच्याकडून फुल स्कॅन. तुमच्या लॅपटॉपला जुनी, हळू चालणारी हार्ड डिस्क आहे, वेगवान एसएसडी नाही. स्कॅन रात्रभर चालला. दीड दिवसातला बराचसा वेळ तिथे गेला. संध्याकाळी एक फोन करून तसं कळवायला हवं होतं, तो केला नाही.

पासवर्ड उडवलेले नाहीत. क्रोम रीसेट केला की कुकीज जातात आणि सगळीकडून लॉगआउट होतं. सेव्ह केलेले पासवर्ड तसेच राहतात, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड मॅनेजर उघडून बघा. बुकमार्कही जागेवर आहेत.

पलीकडे 300 रुपयांत फॉरमॅट मारून देतात, हेही तुम्ही लिहिलंय. देतात की. आम्हालाही फॉरमॅट सोपा, डोकं लावावं लागत नाही. पण लॅपटॉप देताना तुम्हीच म्हणाला होतात की सोसायटीची इतिवृत्तं शिवाजी फाँटमध्ये आहेत. तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल असा, नाही. फॉरमॅटनंतर तो परत टाकायचा राहिला, तर फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि तो फाँट तेव्हा कोणी टाकून दिला होता हे सहसा कोणालाच आठवत नसतं.

500 रुपये कामाचे घेतले, ते मला जास्त वाटत नाहीत. एजचं काम अर्धवट राहिलं, त्याचे 100 परत देतो.

सोमवारी दुकान बंद असतं, एरवी कधीही या. येताना चार्जर आणा, मागच्या वेळी राहिला होता.