फक्त नवीन ग्राहकांसाठी

२०२५ च्या जुलैतली गोष्ट. बँकेच्या दारावर एक बॅनर लावला होता. किल्ली हातात धरून हसणारं जोडपं, मागे उंच टॉवर आणि खाली ठळक अक्षरांत 'गृहकर्ज ७.५० टक्क्यांपासून'. त्या बॅनरखालून आत गेलो आणि काउंटरवर विचारलं, मग माझं ८.५० का?

"सर, ते नवीन ग्राहकांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग मी कोण?"

"तुम्ही जुने आहात ना, सर."

हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर मला तो माझा सन्मानच वाटला. आमची भाजीवाली जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकते. इथे जुन्या गिऱ्हाइकाकडून एक टक्का जास्त घेतात आणि वर 'सर' म्हणतात.

हिशेब सोपा आहे. मी कर्ज घेतलं २०२० च्या शेवटी. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते, तो रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. त्यावर बँकेने आपले ३ टक्के चढवले आणि मला ७ ने कर्ज दिलं. मग २०२२ साल उजाडलं. रशियाने युक्रेनमध्ये रणगाडे घातले, तेल भडकलं, जगभर महागाई वाढली आणि ४ मे २०२२ पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो ४ वरून साडेसहावर गेला. डोंबिवलीतल्या माझ्या दोन खोल्यांचा त्या युद्धाशी काय संबंध, असं कोणीही विचारलं नाही. माझं व्याज साडेनऊ झालं. त्यासाठी ना अर्ज लागला, ना सही, ना पॅनकार्डाची झेरॉक्स. एक मेसेज आला, बस. हप्ता थोडा वाढला आणि मुदत बरीच. २०४० साली फिटणारं कर्ज २०४७ सालात जाऊन पडलं. भारत विकसित राष्ट्र होणार तेही २०४७ सालीच. त्यामुळे देश आणि मी एकाच वर्षी मोकळे होणार. फरक एवढाच, की मी २०४२ ला निवृत्त होतोय.

२०२५ साली वारं फिरलं. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव टक्का आणि ६ जूनला एकदम अर्धा, असा रेपो साडेपाचवर आला. खोटं कशाला बोलू, तो एक टक्का मला आपोआप मिळाला. माझा राग त्या वरच्या तिनाबद्दल होता. नव्या माणसाला बँक रेपोवर दोनच टक्के लावत होती आणि मला अजून तीन. साडेचार वर्षांत एक हप्ता चुकवला नाही, त्याचं हे बक्षीस.

"कमी करून मिळेल की, सर," मॅडम म्हणाल्या. "कन्व्हर्जनचा, म्हणजे दर बदलायचा अर्ज द्यायचा. फी भरायची, प्लस १८ टक्के जीएसटी. आणि स्टँप पेपर लागेल."

"शंभरचा?"

"आता पाचशेचा, सर."

तेही बरोबरच होतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या स्टँप पेपरची कामं पाचशेच्या पेपरवर करावी लागतात. म्हणजे पैसे वाचवण्याची इच्छा कागदावर व्यक्त करायची, तर ती इच्छाच आधी पाचपट महाग झालेली.

वर चढणाऱ्या गोष्टी आपल्या घरापर्यंत एका दमात येतात. खाली येणाऱ्या मात्र वाटेत कुठेतरी चहाला थांबतात, हे मी फार दिवस बघतोय. एप्रिलात अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धक्क्याने जगभर कच्चं तेल गडगडलं. मी मनातल्या मनात स्कूटरची टाकी फुल केली. आणि झालं काय? केंद्राने ८ एप्रिलपासून पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव १०३ च्या वर होता तिथेच बसून राहिला. त्याच सुमारास घरगुती गॅसचा सिलिंडर मात्र पन्नास रुपयांनी चढला. जग स्वस्त झालं, हे मला फक्त पेपर वाचून कळलं.

हे सगळं मी मॅडमना जरा मोठ्या आवाजात ऐकवत होतो. "रेपो खाली आला, आता माझं व्याज कमी करा," एवढं शेवटचं वाक्य शाखेभर गेलं असावं. कारण मागच्या खुर्चीवरून कोणीतरी खाडकन उठलं.

"अच्छा! म्हणजे तुम्हीच का ते?"

वळून पाहिलं. पंचाहत्तरीचे एक काका. इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी पासबुकं. पासबुक छापायचं मशीन बंद होतं. त्यामुळे काकांकडे भरपूर वेळ होता आणि राग काढायला माणूस नव्हता. तो आता मिळाला.

"मी कोण, काका?"

"व्याज कमी करा, व्याज कमी करा म्हणून बोंबलणारे! मला बरेच दिवस एक तरी भेटायला हवा होता."

"अहो, मी माझ्या कर्जाचं म्हणतोय."

"आणि ते कुठून कमी होतं? आकाशातून? माझ्या एफडीतून होतं!" त्यांनी पिशवीतून एक पावती काढून माझ्या नाकासमोर धरली. "हे बघा. ही होती ७.६० ने. मुदत संपली. आता ही मुलगी सांगते, रिन्यू केली तर ६.७५. त्यात अर्धा टक्का म्हातारपणाचा धरलाय. म्हणजे तरुण असतो तर सव्वासहा!"

रकमेवर माझी नजर गेली. चार लाख ऐंशी हजार. काकांनी ती पाहिली आणि पावती किंचित मागे घेतली. "पाच लाखांपर्यंतच विमा असतो ठेवीवर. व्याज धरून पाचात बसायला हवं. म्हणून चार बँकांत चार तुकडे केलेत. एक बँक बुडाली तर तीन उरतील." हे ते ज्या शांतपणे म्हणाले, त्यावरून त्यांनी एखादी बुडताना पाहिलेली असावी.

मग काका मला इतिहासात घेऊन गेले. एके काळी किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत, आता ११५ महिने लागतात. "म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. मी मनात भागाकार करेपर्यंत तेच म्हणाले, "साडेनऊच्या वर. माझं वय बघा आणि ते साडेनऊ बघा." पीपीएफला बारा टक्के मिळायचे, आता ७.१. "आणि तेव्हा कर्जाचं व्याज किती होतं माहितेय? कर्जवाले बारा-पंधरा टक्के भरायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाहीत. तुमची पिढी आठाला रडते!"

"काका, तेव्हा घर केवढ्याला मिळत होतं?"

हा मुद्दा बिनतोड आहे, असं मला वाटलं होतं. काकांनी तो ऐकलाच नाही. ऐकू न येण्याची त्यांची वेळ अचूक होती.

"पेपरात काय आलंय वाचलंत? जूनची महागाई २.१० टक्के. म्हणून म्हणे व्याज उतरवायला वाव आहे. दोन टक्के! कुठल्या दुकानात? मला पत्ता द्या, मी रिक्षा करून जातो. भाज्या स्वस्त झाल्या म्हणतात. मला डॉक्टरने बटाटा बंद केलाय. माझी महागाई म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता. तो वाढतो, आणि वर त्याला १८ टक्के जीएसटी. आजारी पडायच्या भीतीवर टॅक्स! आणि पेन्शन म्हणाल तर ईपीएसचे दोन हजार आणि वर चिल्लर. चौतीस वर्षं ठाण्यात कारखान्यात काढली. सगळं घर या पिशवीतल्या व्याजावर चालतं, आणि तुम्ही इथे येऊन म्हणता, कमी करा!"

आता खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच वेळी चीडही आली. माझ्या वडिलांच्याही एफडी आहेत. म्हणजे रेपो उतरला की मी ज्या टक्क्याने सुखावतो, त्याच टक्क्याने आमच्याच घरात चहा एका कपाचा अर्धा होतो. एकाच छपराखाली एक जण व्याज वाढावं म्हणून बसलाय आणि एक उतरावं म्हणून. दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेत सहा जणांची समिती रेपो ठरवायला बसते आणि आमच्यातल्या एकाला नाराज करून उठते. बँक मात्र मधल्या मधे कधी नाराज झालेली पाहिली नाही.

हे मी काकांना बोलून दाखवलं. आणि तिथे गडबड झाली. काका एकदम गप्प झाले. खिशातलं एक पेन काढलं, पावतीच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं.

"मी बँकेला पैसे देतो पावणेसातने. बरोबर?"

"बरोबर."

"बँक तेच पैसे तुम्हाला देते साडेआठने."

"हो."

"म्हणजे मी तुम्हाला परस्पर साडेसातने दिले तर?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम कॉम्प्युटरकडे पाहू लागल्या. साडेसात! म्हणजे चक्क बॅनरवरचा दर. माझा एक टक्का वाचणार, काकांना पाऊण टक्का जास्त मिळणार, आणि ना फी, ना जीएसटी. माझं कर्ज बावीस लाख होतं, पण त्यातले चार लाख ऐंशी हजार तरी सुटले असते. मी खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसलो. आपापसातलं भांडण विसरून गिऱ्हाइकंच अशी एकत्र आली तर बँकेचं काय होईल, या कल्पनेने मला फार दिवसांनी बरं वाटलं.

"नोकरी कुठे?" काकांनी विचारलं.

सांगितलं.

"खासगी?" त्यांनी पेनाने काहीतरी टिपलं. "परमनंट की ते कॉन्ट्रॅक्ट का काय ते?"

"परमनंट आहे."

"खासगीत परमनंट काही नसतं. पगार हातात किती? फॉर्म १६ आणलाय?"

"काका, फॉर्म १६ घेऊन कोण फिरतं?"

"मी १५एच घेऊन फिरतो. व्याजावर टॅक्स कापू नका म्हणून द्यायचा तो." त्यांनी पिशवी उघडून दाखवला. खरंच होता, सही करून तयार. "जामीन कोण राहील? मिसेस कमावतात? गाडी कर्जावर आहे का? मुलाची शाळा कुठल्या बोर्डाची?"

"बोर्डाचा काय संबंध?"

"आयसीएसई असेल तर तुमच्या हातात काही उरत नसणार."

आयसीएसईच होती. मी गप्प बसलो आणि काकांनी तेही टिपलं.

"गहाण काय ठेवाल? घर तर बँकेकडे आहे. सोनं आहे का? एप्रिलमध्ये लाखावर गेलंय तोळा. आमची ही दोन वर्षांपूर्वी सांगत होती घ्या म्हणून. मी एफडी केली." इथे काका बराच वेळ पावतीकडे बघत राहिले. मग सावरून म्हणाले, "हं, तर सोनं."

"मंगळसूत्र आहे. आणि बायको ते देणार नाही."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बँकेनेही कर्ज देताना माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"राग मानू नका," ते म्हणाले. "पण तुम्हाला साडेआठनेही मी दिलं नसतं. बँकेने दिलंय म्हणजे त्यांचं काळीज मोठं आहे."

शाखेतल्या लोकांसमोर, मॅडमच्या समोर, ज्यांच्या व्याजाचा मी शत्रू त्या माणसाने मला जोखीम ठरवून परत केलं. मॅडम हसू दाबत होत्या. अर्ज त्यांनी आपणहून पुढे सरकवला. मी मुकाट भरला. फॉर्मवर 'विनंतीचे कारण' अशी एक रेघ होती. मी लिहिलं, 'बॅनर'. मॅडमनी ते खोडून 'दरबदल' लिहायला सांगितलं.

फी कापल्याचा मेसेज मी टेबलावरून उठायच्या आत आला. जीएसटीसकट, पैशापर्यंत अचूक.

"आणि दर कधी उतरेल?"

"अर्ज वर जाईल, सर. मग सिस्टीममध्ये होईल."

"कधी?"

"होईल, सर."

काका तोवर एफडी रिन्यू करून बाहेर निघाले होते. ६.७५ नेच, एका वर्षासाठी. "सहा ऑगस्टला रेपोचा पुढचा निकाल आहे," त्यांनी जाताना मला बजावलं. "तुम्ही देवाला काही सांगणार असाल, तर जरा माझाही विचार करा."

मी बाहेर आलो तर ते दारातच, त्या हसणाऱ्या जोडप्याच्या खाली, वॉचमनशी बोलत उभे होते. पावतीची मागची बाजू पुन्हा वर आली होती.

"तुमचं काही कर्ज आहे का हो?"

"आहे ना, काका. बायकोच्या नावावर. गटाचं."

"व्याज किती?"

"चोवीस टक्के पडतं."

काकांच्या हातातलं पेन थांबलं. "चोवीस? आणि फेडता?"

"न फेडून सांगतो कोणाला? दर सोमवारी वसुलीवाला येतो. गल्लीतल्या दहा बायका एकमेकींना जामीन आहेत."

"पण आता रेपो खाली आलाय ना! एक टक्का उतरलाय. तुमचं काही कमी झालं की नाही?"

वॉचमनने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं.

"रेपो कोण?"