मे महिन्याचं बिल दाखवा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या भावाने एक फोटो टाकला. हरित इमारतींचं काम करणाऱ्या संघटनेची नागपूर शाखा, नवी कार्यकारिणी. आर्किटेक्ट, दोन-तीन बिल्डर, एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, एसीची कामं करणारे एक सल्लागार. सगळे कोट घालून, हॉटेलच्या हॉलमध्ये, हातात पुष्पगुच्छ. खाली काकांचा शेरा आला, ‘हॉलचा एसी कितीवर होता म्हणे?’ मग मामेभावाला अजनी वन आठवलं. तिथली झाडं वाचवायला २०२०-२१ मध्ये नागपूरकर रस्त्यावर उतरले होते, तेव्हा यातले किती जण आले होते, असं त्याचं म्हणणं. तासाभरात ग्रुप पेटला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, हे काकांचं शेवटचं वाक्य.

मला ते पटलं नाही. पश्चिमेकडे बेडरूम द्यायची की जिना, खिडकीवर छज्जा किती बाहेर काढायचा, गच्चीवर चायना मोझॅक करायचं की नुसतं वॉटरप्रूफिंग, हे ठरवतं कोण? तीच फोटोतली माणसं. इमारतींना हरित मानांकन देणाऱ्या या संघटनेचं, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, काम २००१ पासून सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या छत्राखाली हैदराबादहून चालतं, पण शहरोशहरी ते पुढे नेतात ते आपापली प्रॅक्टिस सांभाळून वेळ देणारे स्थानिक व्यावसायिक. आंदोलन करणारे झाड वाचवू शकतात. नकाशावरची भिंत हलवायला नकाशा काढणाराच लागतो.

माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते मी राहते त्या गावामुळे जडलं आहे. मी अकरा वर्षं जर्मनीत डार्मश्टाटला आहे. माझ्या घरापासून ट्रामने जाता येईल अशा क्रानिशश्टाइन भागात चार घरांची एक साधी ओळ आहे. पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा मी समोरून पुढे निघून गेले होते, इतकी साधी. जगातलं पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे गरम ठेवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, ते हेच. वोल्फगांग फाइस्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने स्वीडनच्या बो आडामसन यांच्याबरोबर १९८८ मध्ये कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये लोक तिथे राहायला आले. राहायला आलेल्यांत फाइस्ट यांचं स्वतःचं कुटुंबही होतं. भिंतीत, गच्चीत, खिडक्यांत मोजमापाची यंत्रं बसवली होती, हिवाळ्यात घर गरम ठेवायला किती ऊर्जा लागली ते वर्षानुवर्षं नोंदवलं आणि जाहीर केलं. चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट ही आजची पॅसिव्ह हाउसची मर्यादा अशा राहून, मोजून पाहिलेल्या कामावर उभी आहे.

म्हणून नागपूरच्या नव्या मंडळींना माझा प्रश्न एवढाच आहे, की तुम्ही प्लॅटिनम, म्हणजे वरच्या दर्जाचं हरित मानांकन, मिळवून दिलेल्या इमारतीत तुमच्यापैकी राहतं कोण? आणि त्या घराचं मे महिन्याचं विजेचं बिल किती येतं?

हा प्रश्न मी हवेत विचारत नाहीये. भाऊ बेसा रोडला फ्लॅट बघतो आहे. ब्रोशरवर हिरवं पान आणि ‘प्लॅटिनम प्री-सर्टिफाइड’. प्री म्हणजे नकाशावरून. इमारत अजून चौथ्या मजल्यावर आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मानांकनाप्रमाणे ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा, मिळतो. त्यात वाईट काही नाही, पुढाकार घेणाऱ्याला काहीतरी मिळायलाच हवं. पण बिल्डरला मिळणारं टक्क्यांत मोजलेलं आहे, आणि राहणाऱ्याला मिळणारं ‘तीस टक्क्यांपर्यंत बचत’. त्या ‘पर्यंत’मध्ये सगळं मावतं.

नागपूरचं हवामान कोष्टकात ‘संमिश्र’ म्हणून येतं. आम्ही त्याला कूलरचे दिवस आणि चिकचिकीचे दिवस म्हणतो. होळी झाली की बाबा कूलर काढायचे, टाकी घासायची, वाळ्याच्या ताट्या नव्या लावायच्या, पंपात अडकलेला गाळ सुईने काढायचा. मे महिन्याच्या कोरड्या झळांत त्याच्याइतकं स्वस्त आणि थंड काही नाही. जुलैत तोच कूलर घरात दमट वास सोडतो. माहेरी आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. रात्री अकरा वाजता गादीवर पडलं की स्लॅबची धग तोंडावर यायची. आई गच्चीवर पाणी मारायला लावायची, पाण्याची टंचाई असली तरी. आजीच्या महाल या जुन्या वस्तीतल्या कवेलूच्या घरात हे कधी करावं लागलं नाही, हे ती प्रत्येक उन्हाळ्यात ऐकवायची. अशा शहरात काचेची दर्शनी भिंत लावून वर गुण मिळवायचे असतील, तर तिथल्याच माणसाने ‘हे इथे चालणार नाही’ म्हणायला हवं. स्थानिक शाखेचा उपयोग मला तरी तोच दिसतो.

इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. जर्मनीत घर भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला दाखवावा लागतो, ए प्लसपासून एचपर्यंत वर्ग. माझ्या पहिल्या घरमालकाने तो तीनदा मागितल्यावर दिला, आणि तो मुदत संपलेला निघाला. गंमत म्हणजे दाखला दोन तऱ्हेचा असतो. एक हिशेबाने काढलेला, दुसरा तीन वर्षांच्या खऱ्या वापरावरून. मला दुसरा भरवशाचा वाटायचा, मग कळलं की आधीच्या भाडेकरू आजी हिवाळाभर दोन स्वेटर घालून एकाच खोलीत बसायच्या, त्यामुळे घर कागदावर भारी दिसत होतं. म्हणजे बिलही फसवतं. तरी एका इमारतीतली वीस बिलं एकदम फसवत नाहीत. शिवाय हीटिंगच्या कायद्यावरून २०२३ मध्ये या देशात सरकारातले पक्षच एकमेकांवर धावून गेले होते. आमच्या जिन्यातले एरवी नमस्कारापलीकडे न जाणारे लोक बॉयलरवरून तावातावाने भांडताना मी पाहिले आहेत.

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ झाली. हवामान खात्याने तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एका आकड्यासाठी एवढी तपासणी झाली. हिरव्या पानाच्या फ्लॅटमध्ये तर तपासायला सेन्सरच नसतो. आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. कार्यालयांच्या इमारतींना बीईईचे, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे, तारे प्रत्यक्ष वापरावरूनच मिळतात. नागपूर शाखेने दहा पूर्ण झालेल्या इमारती घ्याव्यात, राहणाऱ्यांना विचारून त्यांची दोन उन्हाळ्यांची बिलं गोळा करावीत, नावं झाकून छापावीत. आकडे वाईट आले तरी छापावेत. सुरुवात कार्यकारिणीच्या स्वतःच्या घरांपासून केली तर काकांचं तोंड बंद होईल.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. ‘ताई, तू तिथं बसून कायचं ज्ञान देऊन राहिली,’ म्हणाला. पण रविवारी तीन वाजता गेला साइटवर. सेल्सच्या पोराने बिल म्हटल्यावर कॉफी मागवली. मग हा पहिल्या फेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांपासून लोक राहतात त्या इमारतीत शिरला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी बिलाचा फोटो काढू दिला नाही, पण गॅलरी दाखवली. गॅलरीत कूलर होता. रात्री त्याचा मेसेज आला, ‘पश्चिमेची भिंत आतून हात लावून पाहिली. चांगलीच तापली आहे. बिल्डर म्हणते, पेंट लागला की थंड होईल.’