बदामाची पानं आणि तीन गोल्डफिश : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, तावातावाने उत्तर लिहिलं आणि खोडून टाकलं. ज्यांच्या घरचे तीन मासे गेलेत त्यांच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती. आज जरा शांतपणे लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. काही माशांना त्यांच्या मूळ घरासारखं पाणी मिळावं म्हणून फिशटँकमध्ये देशी बदामाची पानं टाकण्याबद्दलची माझी पोस्ट वाचून काकांच्या नातवाने सोसायटीतल्या झाडाची 8 पानं तोडून 30 लिटरच्या टाकीत सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गोल्डफिश मेलेले, पाणी गढूळ, त्याला वास. निळा गुरामी तेवढा वाचला. काकांचं म्हणणं असं की पानातल्या आम्लाने मासे मारले, झाडपाला काचेच्या टाकीत घालायची वस्तूच नव्हे आणि मी ती पोस्ट काढून टाकावी.

आधी माझी चूक. पानं वाळलेली, आपोआप गळलेलीच घ्यायची, हे मी पोस्टच्या पार तळाशी एका ओळीत उरकलं होतं. तिथपर्यंत कोण वाचतं? नातवाला रागावू नका, तो दोष माझा.

पण आम्लाचं मला पटत नाही. मागे तुम्हीच काचेवरच्या पांढऱ्या डागांवर उपाय विचारला होतात, तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं म्हणून. ते डाग क्षारांचे. इतक्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात पानांमधलं टॅनिन (चहातही असतं ते तुरट द्रव्य) उतरलं तरी पाणी रंग धरतं, पण क्षारांमुळे पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फारसा हलत नाही. मुंबईत तलावाचं हलकं पाणी येतं, तिथे मात्र जपून. तिथे मी 40 लिटरला एकच पान टाकते आणि आठवडाभर थांबते.

मला खरा धागा दिसतो तो गुरामीत. गुरामी काय, फायटर काय, या माशांना कल्ल्यांखेरीज आणखी एक अवयव असतो. ते वर येऊन थेट हवेतला श्वास घेतात. गोल्डफिशला ती सोय नाही, त्याची सगळी भिस्त पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. विष झालं असतं तर गुरामीला वेगळा न्याय कशाला मिळाला असता? त्यात तुम्ही लिहिलंय की आवाज होतो म्हणून एअर पंप रात्री बंद असतो, आणि मासे सकाळी मेलेले सापडले. हिरव्या पानात साखर, स्टार्च, सगळं ओलं आणि ताजं असतं. ते कुजायला लागलं की जिवाणू माजतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. उन्हाळ्यात तो मुळातच कमी : 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. तळ्यात निर्माल्य टाकू नका म्हणतात, त्यामागेही हेच कारण आहे.

पाण्याचा रंगही तेच सांगतो. झाडाने स्वतःच टाकलेलं लाल-तपकिरी पान हातात चुरलं तर पापडासारखं मोडतं. ते टाकलेलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, रंगीत पण आरपार दिसणारं. तुमचं ताकासारखं गढूळ होतं. (आणि हो, हा रस्त्याकडेचा देशी बदाम. खायच्या बदामाचं झाड वेगळं, दर पोस्टखाली कुणीतरी विचारतंच.)

मीही हे भोगलंय. नारळाची करवंटी घासली, धुतली आणि माशांना लपायला म्हणून टाकली. आत नखाएवढं खोबरं चिकटून राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं, वर तेलाचा तवंग, मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून. नशिबाने दुपारची वेळ होती आणि मी घरात होते. अर्धं पाणी बदललं, पंप दणकून चालवला.

आता तुमचं दुसरं म्हणणं, झाडपाला नकोच. यात तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मी पुरेसं सांगितलं नव्हतं. 'नैसर्गिक आहे म्हणजे चालतं' यासारखा घातक समज नाही. आपल्याच डोंगरात रामेठा, गेळफळ कुटून डोहात टाकायचे आणि गुंगलेले मासे वेचायचे. रिठ्याचा फेस कल्ल्यांची वाट लावतो. कण्हेर आणि शेर यांची काडीसुद्धा टाकीजवळ नको. कडुनिंबाची पानं 'जंतुनाशक' म्हणून टाकणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांना हात जोडून सांगते, नको.

आणखी एक गोष्ट पोस्टमध्ये राहूनच गेली. सोसायटीत डासांसाठी धूर मारतात, त्यात बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, माशांना मात्र ते अत्यंत विषारी. म्हणून धूर मारलेल्या आवारातली, रहदारीच्या रस्त्यावरची किंवा फवारलेल्या बागेतली पानं मी धुऊनही वापरत नाही.

पण म्हणून दुकानातल्या बाटल्यांवरच राहायचं, हे मला मान्य नाही. फायटरचे भाऊबंद मलेशिया-इंडोनेशियातल्या दलदलीत, निऑन माशाचा चुलतभाऊ कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ नेग्रोत, सगळे सडक्या पानांच्या काळ्या पाण्यातच वाढतात. फायटरच्या टाकीत मी पान टाकतेच. गप्पी-मॉलींना मात्र जड पाणी मानवतं, त्यांच्यासाठी हा खटाटोप नको. गोल्डफिशलाही त्याची काही गरज नाही. आणि 30 लिटरमध्ये तीन गोल्डफिश म्हणजे पानांआधीच दाटी होती, हेही बोलून टाकते.

पोस्ट काढत नाही, पण वाळलेल्या पानांची ती ओळ पहिल्या परिच्छेदात नेली आहे आणि धुराचं लिहिलंय. तुमच्या टाकीत पानांचे तुकडे राहिले असतील तर आज काढा, तळ सायफनने ओढून घ्या, तिसरा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी आधी भरून ठेवलेलं असू दे. पंपाचा आवाज बहुतेक लाकडावर ठेवल्यामुळे होत असेल, खाली जुन्या स्पंजची घडी ठेवून बघा.